उःशाप नसलेली गोष्ट

कविता शिकवायची माझी पद्धत साधी आहे. आधी कवितेतलं सामान मोजायचं, अर्थ मागाहून. घर बदलताना आपण खोकी बांधतो आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहितो, तसंच. झाड असेल तर झाड, दिवा असेल तर दिवा, वेळ कोणती, माणसं किती, कोण कोणाशी बोलतं. फळ्याच्या डाव्या बाजूला एवढं उतरवलं की निम्मं काम झालं. काही सहकाऱ्यांना ही पद्धत रुक्ष वाटते. वाटू दे. माझ्या वर्गात कोणी झोपत नाही.

झोपण्याचा धोका आमच्याकडे खराच असतो. आठवडाभर मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि रविवारी सकाळी अभ्यासकेंद्रावर, नोकरी सांभाळून बी.ए. करणाऱ्या मोठ्या माणसांना. केंद्र महाडमधल्या एका शाळेच्या वरच्या मजल्यावर भरतं. वरच्या मजल्यावर अशासाठी, की खालच्या वर्गांत नदी अधूनमधून येऊन जाते आणि पुस्तकांच्या कपाटाला ते सोसत नाही. येणाऱ्यांतले बहुतेक औद्योगिक वसाहतीत कामाला. कोणी रात्रपाळी संपवून डोळे चोळत येतो, कोणाला दुपारपाळी गाठायची असते. अशांच्या समोर ‘इथे कवीचा आत्मा बोलतो’ वगैरे म्हणून चालत नाही. सामान मोजायला लावलं की जागे राहतात.

तिसऱ्या वर्षाला मिथक आणि कविता असा एक पेपर आहे. ग्रीक पुराणकथांवरच्या काही मराठी कविता त्यात नेमलेल्या. या पेपरला सगळेच घाबरतात, कारण नावं जिभेवर बसत नाहीत. मी म्हणते, नाव चुकलं तरी चालेल, गोष्ट चुकू नका. त्या वर्षी मी सुरुवात सिसिफसच्या कवितेपासून केली. गोष्ट सोपी आहे आणि नाव त्यातल्या त्यात बरं आहे.

गोष्ट अशी. एक राजा होता, गरजेपेक्षा जास्त हुशार. त्यानं देवांना फसवलं, न्यायला आलेल्या मृत्यूलाच साखळदंड घातले. शेवटी सापडला. देवांनी पाताळात त्याला शिक्षा दिली की एक मोठा धोंडा डोंगरावर ढकलत न्यायचा. माथा जवळ आला की धोंडा घरंगळत खाली जाणार. मग उतरायचं आणि पुन्हा ढकलायचा. हे कायमचं.

कविता मात्र सुरू होते धोंडा खाली गेल्यानंतर. सगळी कविता त्या उतरण्याची आहे. राजा एकटा डोंगर उतरतोय, हात मोकळे, अंगावर वारा, कलती वेळ. मी फळ्यावर सामान लिहिलं: डोंगर, धोंडा, हात, वारा, संध्याकाळ. मग विचारलं, काही राहिलं का?

दुसऱ्या बाकावरून एक हात वर आला. औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला असलेली ती. पस्तिशीच्या आतली, बोलायला चटपटीत.

“मॅडम, एक विचारू? हा परमनंट हाय का?”

वर्ग हसला. मला काही कळलं नाही. “परमनंट म्हणजे?”

“म्हणजे त्याला कोण काढू शकतो का? उद्यापासून येऊ नको म्हणून?”

मागच्या बाकावर हिरकणीवाडीचे एक गृहस्थ बसायचे. तरुणपणी गडावर डोली वाहिलेली, रोपवे झाल्यापासून पर्यटकांना गड दाखवायचे. पदवीधर म्हणून कार्ड छापायचं, एवढ्याचसाठी बी.ए. करत होते. वर्गात सगळे त्यांना डोलीवाले म्हणायचे. तेच बोलले.

“नाय गो बाय, त्याला कोण काढतोय! कायमची ऑर्डर हाय त्याची. देवाच्या सहीची.”

“मग शिक्षा कसली ती?” ती म्हणाली. “आमच्या लायनीत पाठवा त्याला. ओव्हरटाइम पण करील.”

“आणि धोंडा केव्हाही बरा,” डोलीवाले म्हणाले. “धोंडा अर्ध्या वाटेत उतरून फोटो काढत नाय. ‘भैया, जरा जल्दी’ म्हणत नाय.”

पुढची पाच-दहा मिनिटं वर्ग माझ्या हातात राहिला नाही. रात्रपाळीवाले खडखडीत जागे झाले. सिसिफसला पाळी कोणती, त्याचा पीएफ कापतात का, धोंडा ढकलताना हेल्मेट सक्तीचं आहे का. मी हसत होते, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं आणि ती त्याची वाट बघत होती. “हो,” मी म्हणाले, “परमनंट आहे.” तिनं वहीत ते लिहून घेतलं.

तिची परिस्थिती मला ठाऊक होती. केंद्राची समन्वयक म्हणून मला सगळ्यांचीच ठाऊक असते. कोणाची पाळी कधी बदलते, कोणाच्या घरी लग्न आहे, कोण परीक्षेला दांडी मारेल. ती कंत्राटी होती. कंत्राटी माणसाला सलग ठेवलं तर उद्या तो कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून काही महिने झाले की त्याला घरी बसवतात. याला ब्रेक म्हणतात. गेटवर कार्ड जमा करायचं आणि निघायचं. महिना-दीड महिन्यानं, जागा असेल तर, नव्या तारखेनं पुन्हा आत. मागचं काम धरलं जात नाही. ती अशी कित्येक वर्षं आत-बाहेर करत होती.

तिची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरावर. सासरी शेळ्या, म्हशी, थोडी नाचणी. नवरा मुंबईला, गणपती-शिमग्याला यायचा. ती मुलीला घेऊन महाडात एका खोलीत भाड्यानं राहायची. ब्रेक आला की खोली परवडायची नाही, म्हणून सामान बांधून वर जायची, मुलीसकट. मुलीची शाळा बुडायची. मुलगी हुशार होती आणि दर ब्रेकला थोडी मागे पडत होती. सातवीत तिनं आईला सांगितलं होतं, आता मला आजीकडेच ठेव, सारखं नवीन कोणी विचारत बसतं कुठं गेलतीस. आईनं ठेवलं नाही.

कारखान्यात रेकॉर्डचा एक विभाग होता. कोणत्या बॅचमध्ये काय घातलं, कधी तपासलं, त्याचे कागद सांभाळायचे. तिथं एक बाई निवृत्त होणार होत्या. जागा कायमची होती, पण पदवी लागायची. साहेब तिला म्हणाले होते, डिग्री आण, बघू. ‘बघू’ या शब्दावर मी कधी कोणाची आशा बांधत नाही, पण तिनं बांधली होती, आणि तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. तिसऱ्या वर्षाचे पेपर पहिल्या फटक्यात सुटले तर त्या बाईंच्या निवृत्तीच्या आत पदवी हाती येणार होती. एक जरी राहिला तर नाही. तिला भीती होती ती याच पेपरची.

मी गृहपाठ दिला: सिसिफसची गोष्ट आपल्या शब्दांत लिहा आणि तिचा अर्थ सांगा. पुढच्या रविवारी कागद गोळा केले, घरी जाऊन तपासायला बसले आणि चक्रावले. जवळजवळ सगळ्यांनी गोष्टीला शेवट जोडला होता. राजा सुटला होता.

याचं कारण समजायला मला वेळ लागला नाही. आपल्याकडे शाप सुटा मिळतच नाही. ऋषी रागावतो, शाप देतो, समोरचा पाय धरतो, ऋषी नरमतो आणि अमुक घडेल तेव्हा सुटशील म्हणून उःशाप देतो. लहानपणापासून ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीत हे असंच. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांनी सिसिफसलाही उःशाप देऊन टाकला, आणि मी सांगायला विसरले असेन असं समजून स्वतःच तो भरून घेतला. एकानं राणीला व्रत करायला लावलं होतं. बिरवाडीकडच्या एका शेतकऱ्यानं, तो कारखान्यात बॉयलरवर होता, लिहिलं होतं की ढकलून ढकलून धोंडा झिजला, एक दिवस मुठीत मावेल एवढा झाला आणि राजानं तो खिशात घालून माथ्यावर नेला. डोलीवाल्यांनी एक गवळण आणली होती. घाटात गाडी थांबली की क्लीनर उतरून चाकामागे दगड लावतो ना, तसा तिनं धोंड्याखाली एक लहानसा दगड सरकवला, आणि धोंडा राहिला.

अशा सगळ्यांवर मी लाल शेरा मारला: मूळ कथेत नाही.

रविवारी तक्रार आलीच. बॉयलरवाला म्हणाला, “असं कसं मॅडम? देवच हायेत ना ते? मग सोडवत कसे नाय?”

“नाही सोडवत.”

“बरं, पुढच्या जन्मी?”

“त्यांच्या पाताळात पुढचा जन्म नाही. जो आला तो आला.”

“मग पाया कोणाच्या पडायचं?”

“लिहिणाऱ्यानं तसं काही ठेवलेलं नाही.”

मला आठवतं, कोणीतरी उठून पंख्याचा वेग वाढवला. डोलीवाले मान हलवत म्हणाले, “वाईट लोक हायेत,” आणि ते देवांबद्दल होतं की ग्रीकांबद्दल ते कळलं नाही.

एकाच कागदावर लाल शेरा नव्हता. त्या पॅकिंगवालीच्या. तिनं गोष्ट जशीच्या तशी लिहून खाली म्हटलं होतं की उःशाप लिहिला नाही, कारण तो कोणाकडे मागायचा हे गोष्टीत नाही. कंपनीला विचारलं तर कंत्राटदाराकडे जा म्हणते, कंत्राटदाराला विचारलं तर कंपनीकडे. तशीच ही गोष्ट आहे. तपासताना मी ते दोनदा वाचलं होतं. मग उरलेले कागद बाजूला ठेवून चहा केला होता.

बाजारात या पेपरचं एक गाइड मिळतं. वर्गातल्या सगळ्यांकडे असतं, माझ्याकडेही आहे, कारण विद्यार्थी काय पाठ करणार ते आपल्याला माहीत असावं. गाइडमध्ये या कवितेचे मुद्दे असे: सिसिफस हे मानवी जिद्दीचं प्रतीक. कवितेतून कष्टाचं महत्त्व पटतं. डोंगर उतरणं म्हणजे विश्रांती आणि आत्मचिंतन, कारण कवीनं त्या वेळेला राजाची स्वतःची वेळ म्हटलं आहे. उत्तर तसं चुकीचं नाही. कवितेच्या सुरातही ते बसतं.

उतरण्याच्या भागावर पोचलो तेव्हा मी हे मुद्दे सांगितले आणि तिनं पेन खाली ठेवलं.

“मॅडम, कवी कधी उतरलाय का असा?”

“कवीला विचारता येत नाही. ओळींना विचारायचं.”

“बरं. ओळीत काय हाय? हात मोकळे. मोकळे हात चांगले का वाईट?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“ब्रेक लागला की माझे हात मोकळेच असतात. सासू म्हणते, आली काय सुट्टी खायला.” वर्गात कोणीतरी हसलं. ती हसली नाही. “माझा तर डोंगर पण उलटा हाय. त्याचा धोंडा खाली गेला की तो खाली उतरतो. मी वर जाते. एसटीत बसले की पोलादपूरपर्यंत काय नाय वाटत. पुढं वाट चढायला लागली की सुरू होतं.”

“काय सुरू होतं?”

“हिशेब. या टायमाला घेतील का. साहेब हसून बोलले होते का नुसतं बोलले. कार्ड देताना गेटवरच्या बाईनं माझ्याकडे बघितलं नाय, म्हणजे काय. धोंडा ढकलताना माणसाला दम लागतो मॅडम, विचार येत नाय. पॅकिंगला पट्टा चालू झाला की मला माझं नाव पण आठवत नाय. हा उतरताना विचार करतो. आता राहील, आता राहील. दर टायमाला त्याला वाटतंय की राहील. देवांनी शिक्षा तिथं ठेवलीय. धोंड्यात नाय.”

“अगो, मग वाटून नको घ्यायला त्यानं,” डोलीवाले म्हणाले.

“ते काय हातात असतं का, काका?”

मी खडू ठेवला. इतकी वर्षं मी कवितांचं सामान मोजत आले. त्या यादीत ‘आता राहील’ असं वाटणं मी कधी लिहिलं नव्हतं, कारण ते कवितेत कुठे शब्दानं येत नाही. पण एकदा ऐकल्यावर प्रत्येक ओळीत तेच दिसायला लागलं. वारा, कलती वेळ, राजाची सावकाश पावलं, सगळं. विश्रांती कुठेच नव्हती. मी फळ्यावर ते लिहिलं. काहींनी उतरवून घेतलं, काहींनी विचारलं, “हे परीक्षेला येईल का?”

आणि त्याचंच उत्तर मला द्यायचं होतं. तास संपल्यावर ती थांबली. मी तिला स्पष्ट सांगितलं, “पेपरात आधी गाइडमधले मुद्दे. जिद्द, कष्ट, विश्रांती, आत्मचिंतन. क्रमानं, उपशीर्षकं देऊन. तुमचं म्हणणं शेवटी, दोन ओळींत.”

“म्हणजे खोटं आधी?”

“खोटं नाही. अपेक्षित आधी. तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो, तो मुद्दे शोधतो. तुम्हाला पेपर सोडवायचाय की त्याला पटवायचंय?”

तिनं थोडा विचार केला. “सोडवायचाय,” म्हणाली.

मी आजही तेच सांगेन. ज्याचं वर्ष पणाला लागलंय त्याला दुसरा सल्ला देता येत नाही.

परीक्षेच्या तोंडावर तिचा ब्रेक आला. ती मुलीला घेऊन वर गेली. वाडीत फोनला रेंज नव्हती. ती रोज शेळ्या घेऊन एका टेपाडावर जायची, तिथून निरोप यायचे. प्रवेशपत्र मी छापून घेतलं आणि पोलादपूरच्या स्टँडवर तिला द्यायला गेले, कारण पोस्टावर माझा विश्वास नाही. ती डोंगर उतरून आली होती, अंगाला धुराचा वास, पुस्तक पिशवीत. आम्ही बाकावर बसून मुद्द्यांची उजळणी केली. शेजारी एक म्हातारी महाबळेश्वरच्या गाडीची वाट बघत बसली होती. ती ऐकत होती. न राहवून म्हणाली, “मग त्यो धोंडा सोडून का देत नाय मेला?”

“सोडून कुठं जाईल आजी?” ती म्हणाली. “पाताळात दुसरं काम कुठं हाय?”

“हां,” म्हातारी म्हणाली, “तेही हाय,” आणि पिशवीतली काकडी मोडून आम्हा दोघींना दिली.

परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा ती पुन्हा आत, पट्ट्यावर होती. सगळे पेपर सुटले होते आणि मिथकाच्या पेपरला तिचे गुण केंद्रात सगळ्यांत जास्त. जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन केला. यंत्राच्या आवाजात मला फक्त “मॅडम, राहिला, राहिला!” एवढं ऐकू आलं आणि वाटलं, पेपर राहिला की काय. मग कळलं, ती धोंड्याबद्दल बोलत होती.

डोलीवाले त्या पेपरात आपटले. परीक्षेतही त्यांनी गवळण आणली होती. मी विचारलं, सांगितलं होतं ना मूळ कथेत नाही म्हणून? म्हणाले, “ठाऊक होतं मॅडम. पण अशा माणसाला तसा टाकून मला पेपर देववेना. पुढच्या टायमाला बघू.” त्यांचं कार्ड एक वर्ष उशिरा छापलं जाणार होतं, एवढंच. त्यांना परवडण्यासारखं होतं ते.

तिनं अर्ज केला. मी तो वाचून दिला, प्रती काढल्या, कागद क्रमानं लावले. साहेबांनी ठेवून घेतला. रेकॉर्डच्या बाई निवृत्त झाल्या. महिना गेला, मग आणखी. मी दर रविवारी विचारायचे आणि ती सांगायची, मुलाखतीला बोलावणार हायेत. मग एका रविवारी म्हणाली, नाय बोलावणार. तो विभागच बंद झाला होता. कागद स्कॅन करून नवी मुंबईच्या कुठल्याशा एजन्सीकडे दिले होते. जिथं रेकॉर्ड होतं त्या खोलीत आता खोकी ठेवतात. साहेब वाईट नव्हते. ते तिला म्हणाले, माझ्याही हातात नव्हतं. तिनं ते मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. मी तो शोधत होते.

मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. एम.ए.चा प्रवेश, ग्रंथालयाचा अभ्यासक्रम, अंगणवाडी पर्यवेक्षिकेची परीक्षा, पतसंस्थेतली एक जागा. प्रत्येकापुढे लागणारी कागदपत्रं, शेवटची तारीख, फोन. चांगली यादी होती. वयोमर्यादेनं एक गेलं. एकाला टायपिंग लागायचं. पतसंस्थेनं आपल्यातल्याच कोणाला घेतलं. उरला एम.ए.चा प्रवेश. तो फॉर्म घेऊन मी तिच्या खोलीवर गेले.

दुपारची वेळ. ती सामान बांधत होती. ब्रेक आला होता. शेगडी पोत्यात, भांडी बादलीत, मुलीची पुस्तकं एका औषधाच्या खोक्यात, त्यावर कारखान्याचं लेबल तसंच. मुलगी दाराशी बसून नख कुरतडत होती. तिला नववीचं वर्ष अर्ध्यात सोडून जायचं होतं.

मी फॉर्म काढला. तिनं हात पुसून तो घेतला, नीट पाहिला, परत दिला.

“नको मॅडम.”

“फी माफ होते. मी बघते.”

“फीचं नाय.” ती दोरी ओढून गाठ मारू लागली. मी दुसरं टोक धरलं. “आधी ब्रेक आला ना, की मी वर जाऊन नुसती झोपायची. दोन-दोन दिवस. सासू शिव्या घालायची तरी झोपायची. काय होतंय ते कळायचं नाय, बरं नाय वाटत एवढंच कळायचं. आता झोप येत नाय.”

“का?”

“आता कळतं ना,” ती म्हणाली. “वाट चढायला लागले की कळतं, हे ते हाय. आता राहील, आता राहील. मी स्वतःलाच धरते, अगो, बघ, आलं. धरून करू काय? कळल्यानं ते थांबत नाय.”

मी काही तरी म्हणाले. कळणं हीही एक गोष्ट असते, नाव सापडलं की ओझं थोडं हलकं होतं, असं काहीसं. वर्गात जे म्हणते तेच. ती ऐकून घेत होती. मला वाईट वाटू नये म्हणून मान हलवत होती, हे मला दिसत होतं.

“हलकं नाय होत मॅडम,” ती शेवटी म्हणाली, अगदी मऊ आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं. “दिसतं जास्त.”

आम्ही सामान खाली उतरवलं. रिक्षावाल्यानं शेगडीचं पोतं मागे बांधलं. मुलगी खोकं मांडीवर घेऊन बसली. बसता बसता तिची आई वळून मला म्हणाली, “एक सांगू? पुढच्या वर्गाला ती कविता शिकवाल ना, तर त्या उतरण्यावर जास्त वेळ नका घालू. गाइडमधलं सांगा. विश्रांती म्हणून. बरं असतं ते.”

त्या ब्रेकनंतर तिला परत घेतलं नाही. जागा नव्हती, असं ऐकलं. ती वरच राहिली. मुलीनं दहावीचा फॉर्म भरला नाही. टेपाडावरून एखादा निरोप यायचा, पावसाळ्यानंतर तोही आला नाही. मी दोनदा पोलादपूरला गेले होते, दुसऱ्या कामांसाठी. स्टँडवर उतरून त्या बाजूच्या डोंगराकडे पाहिलं. वर जायला वाट आहे, तास-दीड तासाची. गेले नाही. जाऊन तिला काय सांगायचं ते माझ्याकडे नव्हतं, आणि मी रिकाम्या हातानं कोणाकडे जात नाही.

या वर्षीही तीच कविता नेमलेली आहे. मागच्या रविवारी ती घेतली. फळ्यावर सामान लिहिलं, गोष्ट सांगितली. उतरण्याच्या भागाला आले आणि म्हणाले, इथे कवीला विश्रांती आणि आत्मचिंतन अभिप्रेत आहे, खाली रेघ मारा. नवे विद्यार्थी होते, पहिल्या बाकावर दोघी पॅकिंगच्याच. त्यांनी रेघ मारली. कोणाला काही शंका आहे का, मी विचारलं. कोणाला नव्हती. तास वेळेत संपला.